एप्रिलची पावडर दुपारपर्यंत का टिकत नाही

10 एप्रिलला भर दुपारी गुलमर्गचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 64 अंश वर असतो. मुंबईत 21 डिसेंबरला तो जेमतेम 48 अंशांपर्यंत चढतो. म्हणजे गुलमर्गच्या वरच्या अफरवत डोंगराच्या उतारावर गुडघाभर ताज्या हिमात उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर मुंबईच्या डिसेंबरपेक्षा चढं ऊन असतं. थर्मामीटर शून्याखाली असल्यामुळे हे चटकन लक्षात येत नाही. मोसमाच्या शेवटी पडलेली पावडर, म्हणजे स्कीवाल्यांचं लाडकं हलकं, कोरडं ताजं हिम, किती तास टिकेल, हे हवेच्या तापमानापेक्षा सूर्याची उंची, उताराचं तोंड आणि आभाळाची अवस्था यांवर जास्त ठरतं.

आधी शब्दांचं पाहू. मराठीत बोलताना सगळ्यालाच आपण 'बर्फ' म्हणतो. इथे मात्र आकाशातून पडतं ते हिम आणि गोठून घट्ट होतो तो बर्फ, असा भेद ठेवलेला बरा, कारण सगळी गोष्ट पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर होण्याचीच आहे. स्कीवाले ज्याला पावडर म्हणतात ते हिम एका घनमीटरला साधारण 50 ते 100 किलो भरतं. त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास जागा हवेची असते. 20 सेंटीमीटरचा असा थर वितळवला तर हाती येतं फक्त एक ते दोन सेंटीमीटर पाणी.

काश्मीरला हे हिम देणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारी वादळं, मार्च-एप्रिलमध्येही येत राहतात. 2025 साली फेब्रुवारीत हिमच पुरेसं नव्हतं, म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा पुढे ढकलावा लागला आणि तो मार्चच्या 9 ते 12 तारखांना पार पडला. तेव्हा उशिरा पडणारं हिम ही काही अपूर्वाई नाही. ढगात उणे 12 ते उणे 18 अंशांच्या पट्ट्यात सहा फांद्यांचे नक्षीदार स्फटिक वाढतात. ते एकमेकांत अडकून फुगीर थर रचतात आणि उत्तम पावडर होते ती त्यांचीच. वसंतात ढग उंच उसळतात, त्यांतले पाण्याचे थंडगार थेंब स्फटिकांवर आपटून गोठतात आणि मग साबुदाण्यासारखे पांढरे गोळे पडतात. हे जड हिम स्कीला वाईट नाही, पण ती पावडर नव्हे.

आता उन्हाचा हिशोब. 30 अंश चढाचा उत्तराभिमुख उतार घ्या. 21 डिसेंबरला दुपारी सूर्यकिरण त्याला अक्षरशः घासून जातात. सरळ आपटणाऱ्या उन्हाच्या चार टक्केच वाटा त्याच्या पदरात पडतो. 10 एप्रिलला हाच वाटा 56 टक्के होतो. सपाट जमिनीला डिसेंबरच्या दुपारी 54 टक्के मिळतात, म्हणजे एप्रिलचा उत्तर उतार डिसेंबरच्या सपाट मैदानाइतका तापतो. दक्षिण उताराचं तर विचारूच नका, तिथे एप्रिलचं ऊन जवळजवळ काटकोनात आदळतं. 'उत्तरेकडे जा, पावडर सापडेल' हा जानेवारीचा सल्ला एप्रिलमध्ये निम्माच खरा उरतो.

तरीही निरभ्र सकाळी पावडर काही तास तग धरते, हे कसं? एवढ्या उंचीवर दुपारी दर चौरस मीटरला सुमारे 1000 वॅट ऊन पडतं. ताजं हिम त्यातलं 85 ते 90 टक्के परतवतं आणि 100 ते 150 वॅट पोटात घेतं. त्याच वेळी ते स्वतः अदृश्य अवरक्त किरणांनी सुमारे 300 वॅट बाहेर टाकत असतं. कोरडं, निरभ्र आकाश त्यातले 200 च्या आसपास परत देतं. निव्वळ तोटा 100 वॅटचा. जमा आणि खर्च जवळजवळ सारखे!

म्हणूनच पातळ ढगाची झिलई हा पावडरचा खरा शत्रू. ऊन बरंचसं आरपार येतं, पण बाहेर जाणारी उष्णता ढग अडवून परत पाठवतो. खर्च थांबतो, जमा चालूच राहते. 'जरा ढग आलेत, हिम वाचेल' असं वाटत असतानाच अर्ध्या-पाऊण तासात सगळा उतार चिकट झालेला दिसतो. एकदा पाणी सुटलं की घसरण वेगाने होते: ओल्या, जाडसर कणांचं हिम 60 ते 70 टक्केच ऊन परतवतं, म्हणजे शोषण दुप्पट-तिप्पट.

आणखी एक फसवणूक आहे. ऊन काही सेंटीमीटर आत शिरतं, मात्र उष्णता बाहेर टाकतो तो फक्त वरचा पापुद्रा. त्यामुळे वर कोरडं आणि खाली ओलं असं होऊ शकतं. हिमाची परीक्षा मुठीने करायची ती बोटभर खालचं हिम घेऊन. गोळा होत नसेल तर कोरडं. गोळा झाला पण पाणी दिसत नाही, तर द्रव पाणी तीन टक्क्यांच्या आत आहे आणि पावडर संपत आली. दाबल्यावर पाणी गळलं तर आठ टक्क्यांच्या पुढे, तिथून निघायचं.

गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे तारेवरून चालणाऱ्या केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडूरीला सोडतो, दुसरा 3,900 मीटरच्या वर नेतो. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात, म्हणजे खाली अधिक पाच असेल तर वर उणे तीन-चार. एकाच धावेत तीन ऋतू लागतात: माथ्यावर पावडर, मध्ये कणीक, तळाला चिखल. शिवाय गोंडोलाच्या बाजूचा उतार ढोबळमानाने पूर्व-ईशान्येकडे पाहतो, म्हणजे सूर्य उगवल्याबरोबर त्याला गाठतो. काश्मीर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून बरंच पश्चिमेला असल्याने सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या सुमारास. पण पूर्व उताराचं नुकसान त्याआधीच झालेलं असतं. वादळानंतर वरचा टप्पा वारा आणि हिमस्खलनाच्या धोक्यामुळे उशिरा उघडतो, त्यात सकाळ जाते. त्यासाठी कुरकुर करू नये. उघडल्यावर थेट मोकळ्या मैदानाकडे धावण्यापेक्षा घळींच्या उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंती आधी घ्याव्यात.

मात्र या भिंतींनाच दुसरा धोका असतो. पश्चिमी विक्षोभात वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, कड्यापलीकडचं हिम उचलतो आणि नेमकं आपल्या बाजूला आणून टाकतो. पडल्यापेक्षा कितीतरी जास्त हिम तिथे पाटीसारखं घट्ट बसतं. अशा पाट्या बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात, आणि स्कीला मजा येते तोही चढ साधारण तोच. खाली आधीच्या उन्हाने वितळून रात्री गोठलेला गुळगुळीत बर्फ असेल तर वादळाची सुरुवात कशी झाली ते महत्त्वाचं. आधी उबदार, ओलसर हिम आणि मग थंड, हलकं असा क्रम असेल तर पकड चांगली बसते. उलट झालं, म्हणजे हलक्यावर जड आलं, तर पहिले 24 ते 48 तास संशयानेच वागावं. गाडलेल्याचा ठाव सांगणारा 457 किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर, हिमात खुपसून शोधायची किमान 240 सेंटीमीटरची काठी आणि धातूचं फावडं प्रत्येकाजवळ हवं. गाडल्या गेलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त माणसं पहिल्या दहा मिनिटांत काढली तर वाचतात, पुढे हा आकडा कोसळतो. बाहेरची मदत तेवढ्यात पोहोचत नाही.

साहित्याचं एक दुखणं खास या दिवसांचं. खालच्या चिखलातून आलेली ओली स्की गोंडोलातून वर जाते, तळावरचं पाणी उणे तापमानात गोठतं आणि त्यावर हिमाचे गठ्ठे चिकटतात. स्की पुढे सरकतच नाही. गोंडोलात ठेवण्याआधी तळ फडक्याने कोरडा करणं एवढाच उपाय. गरम खोलीतून थेट बाहेर काढलेल्या स्कीचंही तेच होतं. निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं ती बाहेर उभी ठेवावी. स्कीच्या तळाला मेण शून्याजवळच्या तापमानाचं लावायचं आणि नीट खरवडून, ब्रशने तळाच्या चरा मोकळ्या करायच्या. स्की घसरते ती पाण्याच्या अतिपातळ पडद्यावर. पाणी जास्त झालं की तोच पडदा तळाला ओल्या काचेसारखा चिकटवतो. ते पाणी निघून जायला चरा लागतात.

सावलीतून उन्हाच्या पट्ट्यात शिरताना हा चिकटपणा अचानक लागतो आणि माणूस तोंडावर आपटतो. पट्टा दिसला की एक पाय चार बोटं पुढे घ्यावा, गुडघे सैल ठेवावेत आणि सीमेवर वळण घेऊ नये. पावडरमध्ये दोन्ही पायांवर सारखा भार हवा. एका पायावर जोर दिला की तीच स्की बुडते. कमरेला, म्हणजे स्कीच्या मधल्या अरुंद भागात, 100 ते 115 मिलिमीटर रुंद स्की असेल तर हे सगळं सोपं जातं.

उतारावरून आपोआप हिमाची चाकं गरगरत येऊ लागली, खडकांखालून हिम ओघळू लागलं किंवा बूट ओल्या हिमात नडगीपर्यंत रुतू लागला, की त्या बाजूचं काम संपलं. रात्री आभाळ मोकळं राहिलं तर हे ओलं हिम गोठून कडक कवच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर स्कीच्या कडा खणखणतात. दहा-अकराच्या सुमारास कवचाचे वरचे दोन-तीन सेंटीमीटर मऊ झाले की त्यावर पुन्हा छान घसरता येतं. पावडर हवी असेल तर मात्र पुढच्या विक्षोभाची वाट पाहावी लागते.