खडीचा रस्ता आणि टायरची बाजू

मागच्या दिवाळीच्या आसपास भोरच्या पलीकडे एका गडाच्या पायथ्याच्या वाडीला चाललो होतो. डांबर संपलं की पुढं चारेक किलोमीटर नुसती खडी, रोलर कधीतरी एकदा फिरवलेला आणि वरचा मुरूम पावसानं धुऊन नेलेला. स्पीड वीसच्या आतच होता. एका वळणावर फुस्स असा आवाज आला आणि मागचं डावं चाक बसलंच. स्टेपनी लावून खाली आलो, पंक्चरवाल्यानं टायरवर साबणाचं पाणी ओतलं आणि बाजूवरचा कट स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं जरा उघडून दाखवला, तर आत पांढरे दोरे तुटलेले, शिवण उसवल्यासारखे. "दादा, बाजूला लागलंय, इथं पॅच टिकत नाय."

टायर चांगला एटी, म्हणजे ऑल टेरेन, दहा हजार किलोमीटरपण झाले नव्हते. याच टायरवर आधीच्या उन्हाळ्यात हिमाचलमधली स्पिती करून आलो होतो, ग्राम्फू ते बातल, चंद्रा नदीच्या काठानं, डोक्याएवढे धोंडे आणि मधे नाले, तरी टायरला साधा कट नाही. मग इथं दोन इंची खडीनं कसा काय कापला?

तर उत्तर दगडाच्या धारेत आहे. नदीनं आणि बर्फाच्या पाण्यानं लोळवलेल्या दगडाच्या कडा कधीच्या झिजून गेलेल्या असतात, टायर त्याच्यावर चढतो, वाकतो, उतरतो. आपली खडी क्रशरमधून नुकतीच फुटून आलेली असते आणि सह्याद्रीचा दगड म्हणजे बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, बारीक कणांचा आणि टणक, तो फुटला की कड धारदारच निघते. कुकडी नदीकाठच्या बोरीला अश्मयुगातली हत्यारं सापडलीत ती याच जातीच्या दगडाची, यावरून काय ते समजा. खडीच्या रस्त्यात दगडांच्या फटी चुरी आणि मुरमानं भरून, पाणी मारून, रोलरनं दाबतात तेव्हा दगड एकमेकांत अडकून बसतात आणि धारा झाकल्या जातात. तो मुरूम वाहून गेला की दगड सुटे होतात, चाकाखाली फिरतात आणि टोक वर करून उभे राहतात.

आता थोडं गणित. दोन टनाची गाडी धरली तर एका चाकावर ५०० किलो. हवा ३५ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण अडीच किलो, म्हणजे जमिनीला टेकणारी जागा जेमतेम २०० चौरस सेंटीमीटर, आपल्या पंजापेक्षा थोडी मोठी. डांबरावर वजन या सगळ्या जागेवर वाटलं जातं, पण खडीवर ते चार-पाच टोकांवर येतं आणि तिथला दाब कितीतरी पट वाढतो.

हा दाब सोसायची ताकद एटी टायरला दिलेली असते पण ती मुख्यतः तळाला. नक्षी १० ते १३ मिलिमीटर खोल, तिच्याखाली स्टीलच्या तारांचे दोन पट्टे. बाजूला मात्र हे पट्टे नसतातच, तिथं पातळ रबर आणि आत पॉलिएस्टरच्या दोऱ्यांचे एक-दोन थर, काही दणकट टायरांत तीन. कारण बाजूनं वाकायचं असतं, ती कडक केली तर गाडी आपटत चालेल आणि टायर तापेल. त्यामुळं नक्षी बघून टायर घेणाऱ्यांनी बाजूला किती थर आहेत ते आधी वाचावं, टायरवरच छापलेलं असतं.

रबराचीही गंमत आहे. नैसर्गिक रबर ताणलं की त्यातल्या लांब साखळ्या एका दिशेनं लागतात आणि तिथल्या तिथं स्फटिक बनतात, फाटत चाललेल्या चिरेच्या टोकाशी हे घडतं म्हणून चीर पुढं सरकायला जोर लागतो. ट्रकच्या आणि खाणीतल्या टायरांत नैसर्गिक रबर जास्त घालतात ते यासाठी. पण ओलं रबर कोरड्यापेक्षा लवकर कापलं जातं, पाणी धारेला वंगणासारखं काम करतं. पावसात खडीवर जास्त कट पडतात ते यामुळंच.

हवेबद्दल लोक एकच सल्ला देतात, कमी करा. अर्धं खरं आहे. ३५ वरून २६-२८ वर आणली तर टायर दगडाला गुंडाळून घेतो, टोकावरचा भार पसरतो, गाडीही कमी आपटते. पण अजून खाली गेलात तर बाजू फुगून बाहेर येते आणि कडेच्या खडीला आयतीच सापडते. वाळूत १८ चालेल, आमच्या या खडीवर माझ्या मते अजिबात नको. आणि डांबर लागलं की हवा परत भरायचीच, कमी हवेवर हायवेला पळवला तर टायर सारखा वाकून वाकून आतून तापतो आणि स्टीलचे पट्टे रबरापासून सुटू शकतात.

चाक फिरवणं सगळ्यात वाईट. चढावर गाडी अडली की रेस दिली जाते, चाक जागेवर फिरतं आणि खडीची धार नक्षीवर कानशीसारखी चालते, गुट्ट्यांचे, म्हणजे नक्षीच्या ठोकळ्यांचे, तुकडेच उडतात. फोर लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर, टाकून हळू चढलं तर हेच टायर कितीतरी जास्त चालतात. स्पीडचंही तसंच, वीसचा चाळीस केला की धक्क्याची ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. खड्ड्याच्या कडेला जोरात आदळलं तर रिम आणि कडेमध्ये बाजू चेपून आतले दोरे तुटतात, रबर शाबूत असल्यानं हवा जात नाही पण दोन दिवसांनी तिथं फुगा दिसतो. फुगा आलेला टायर स्टेपनीलासुद्धा ठेवू नका.

नक्षीत अडकलेली खडी हा प्रकार हळूहळू मारतो. प्रत्येक फेरीला ती थोडी आत रुतते, पट्ट्यापर्यंत भोक पडतं, तिथून पाणी जाऊन तार गंजते. आता घरी आलो की पहिल्यांदा पाइपनं चाकं धुतो, बोथट स्क्रूड्रायव्हरनं एकेक खडा काढतो, मग खाली वाकून टॉर्चनं आतली बाजू बघतो, जी उभ्यानं कधीच दिसत नाही. गेल्या रविवारी उजव्या पुढच्या चाकाला तिथंच बोटभर चीर सापडली, नखानं ओढून बघितली, दोरे दिसत नव्हते, खडूनं दोन्ही टोकांना खूण करून ठेवलीय, पुढच्या रविवारी परत बघणार.