इन्स्कॉन्स

आडोसा, ऊब आणि निश्चिंती मिळेल अशा जागी छान जम बसवणे, या अर्थाचे इंग्रजी क्रियापद. वापरात बहुधा ‘इन्स्कॉन्स्ट’ हे कृदंत रूपच भेटते. नुसते बसणे एवढाच अर्थ इथे पुरत नाही; बसलेला माणूस इतक्यात उठायचा नाही, हेही त्या शब्दात येते.

शब्द मुळात लष्करी आहे. डच भाषेतील ‘स्खान्स’ म्हणजे मातीचा लहान कोट. त्यावरून इंग्रजीत ‘स्कॉन्स’ आला आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्यापासून कोटाच्या आड सुरक्षित होण्याचे क्रियापद घडले. पुढे कोट विसरला गेला, आडोसा तेवढा राहिला. भिंतीवर मेणबत्ती लावायच्या दिवालगिरीलाही स्कॉन्स म्हणतात, पण त्याचे मूळ निराळे. ते ‘लपवणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापर्यंत जाते.

कोट आणि आराम यांची ही सांगड नाशिककराला परकी वाटू नये. दिंडोरी तालुक्यातील रामशेज किल्ल्याच्या नावातच ती आहे. शेज म्हणजे अंथरूण. वनवासात राम इथे विसावत असे, अशी लोकश्रद्धा. याच गडाला 1682 मध्ये मोगलांनी वेढा घातला आणि मराठ्यांनी तो पाच वर्षांहून अधिक काळ झुंजवला.

मराठीत नेमका एकच प्रतिशब्द नाही, आणि कोशातला ‘सुस्थापित’ तर अगदीच कोरडा. प्रसंग पाहून शब्द निवडावा. निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, तेव्हा आजी गोधडीत गुरफटून, पाय पोटाशी घेऊन, चुलीजवळचा कोपरा धरून बसते. सून म्हणते, ‘आत्या, च्या तिथंच आणते, उठू नका.’ ‘कोपरा धरून बसणे’ हे तिथे चपखल. पाहुणा आठ दिवस हलत नसेल तर ‘तळ ठोकला’ म्हणावे. यातही छावणीचीच आठवण आहे. नव्या गावात धंदा जमला की ‘बस्तान बसले’.

पदावर पक्क्या बसलेल्या माणसालाही इंग्रजीत हाच शब्द लावतात. तिथे ‘खुर्चीला चिकटलेला’ असे भाषांतर सर्रास दिसते, पण ते चूक. मूळ शब्दात लोभाचा आरोप नसतो. ‘खुर्चीत स्थिरावलेला’ पुरेसे आहे.