रेकी

रेकी : दुखणे आणि मनावरचा ताण हलका व्हावा म्हणून अंगावर तळवे ठेवून केली जाणारी जपानी उपचारपद्धती. ‘रेइ’ म्हणजे दिव्य किंवा गूढ, ‘की’ म्हणजे प्राणशक्ती. चिनी ‘ची’ ती हीच. ही शक्ती आपल्या हातांतून समोरच्याच्या शरीरात वाहते, असे रेकी देणारे मानतात. कोणत्याही उपकरणाने ती आजवर मोजता आलेली नाही. वर्तमानपत्रांत दहशतवाद्यांनी एखाद्या ठिकाणाची ‘रेकी केली’ असे छापून येते, तो शब्द इंग्रजी लष्करी बोलीतला. त्याचा इथे काही संबंध नाही.

एक ‘सेशन’ साधारण तास-दीड तासाचे असते. घेणारा अंगावरच्या कपड्यांनिशी उताणा निजतो. चष्मा, घड्याळ, कमरेचा पट्टा तेवढा काढून ठेवायचा. देणारा बोटे जुळवून तळवे आधी डोळ्यांवर, मग कानशिलांवर, डोक्याच्या मागे, गळ्याशी, छातीवर, पोटावर आणि शेवटी गुडघ्यांवर व पावलांवर ठेवतो. एकेका जागी 3 ते 5 मिनिटे. दाबणे, चोळणे, तेल लावणे यांतले काहीच नाही, त्यामुळे मालिश समजून आलेला माणूस पहिली काही मिनिटे बुचकळ्यात पडतो. मग हाताखाली ऊब जाणवते, कुणाला मुंग्या येतात, श्वास लांबतो, पोटात गुरगुरते. पुष्कळ जण तर सरळ घोरू लागतात. ऊब हा शक्तीचा पुरावा म्हणून सांगितला जातो, पण एका जागी 5 मिनिटे ठेवलेला हात कुणाचाही असला तरी ऊब लागतेच.

पद्धतीचे जनक मिकाओ उसुई (1865–1926). क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर 21 दिवस उपवास केल्यावर त्यांना ही शक्ती लाभली, असे टोकियोतल्या त्यांच्या स्मारकशिलेवर कोरलेले आहे. 1922 मध्ये त्यांनी टोकियोत संस्था काढली. दुसऱ्याच वर्षी कांतो भागात महाभूकंप झाला आणि उसुई जखमींवर उपचार करत हिंडले. हात ठेवून बरे करणारे त्या काळच्या जपानात बरेच होते. उसुई त्यांतले एक. त्यांची शिकवण दुखण्यापेक्षा वागण्याकडे अधिक झुकलेली आहे. शिष्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ म्हणायची पाच वचने अशी : आजच्या दिवसापुरते रागावू नकोस, चिंता करू नकोस, कृतज्ञ राहा, आपले काम मन लावून कर, सर्वांशी मायेने वाग. यांतला ‘आजच्या दिवसापुरते’ हा भाग मोठा शहाणपणाचा आहे.

उसुईंचे शिष्य चुजिरो हायाशी हे नौदलातले अधिकारी. त्यांच्या टोकियोतल्या उपचारकेंद्रात 1935 मध्ये हवाई बेटांवर जन्मलेल्या जपानी वंशाच्या हवायो टाकाटा (1900–1980) आल्या. शस्त्रक्रिया ठरलेली असताना ती टाळून आपण रेकीने बऱ्या झालो, असे त्या सांगत. पुढे रेकी जगभर गेली ती त्यांच्यामुळे. त्यांनी 22 ‘मास्टर’ म्हणजे इतरांना दीक्षा देणारे गुरू घडवले आणि त्या दीक्षेची फी होती 10,000 डॉलर. उसुई हे ख्रिस्ती शिक्षक होते आणि ते शिकागोला शिकले, ही कथाही टाकाटांचीच; तिला कागदोपत्री आधार सापडलेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी गिऱ्हाइकाला जपानी, बौद्ध वळणाची विद्या पचावी म्हणून ती रचली गेली असावी, असा अंदाज केला जातो.

शिक्षणाचे टप्पे ‘फर्स्ट डिग्री’, ‘सेकंड डिग्री’ आणि ‘मास्टर’ असे. पहिला टप्पा बहुधा शनिवार-रविवारच्या वर्गात उरकतो. गुरू ‘अट्यूनमेंट’ करतो, म्हणजे शक्ती देता यावी म्हणून शिष्याला दीक्षा देतो. मराठी वर्गांत त्याला कुणी शक्तिपातही म्हणतात. दुसऱ्या टप्प्यात तीन चिन्हे मिळतात आणि समोर नसलेल्या माणसाला, त्याचा फोटो हाती धरून, रेकी पाठवता येते असे शिकवतात. महाराष्ट्रातल्या शहरांत 1990 च्या दशकापासून असे वर्ग रुळले. ‘की’ला ‘प्राण’ म्हटले की इथल्या माणसाला वेगळे काही समजवावे लागत नाही, आणि मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून घेतल्यावर पोर शांत झोपते हे त्याने घरी पाहिलेले असते.

रेकीने बरे वाटते का आणि रेकीमुळे बरे वाटते का, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. केमोथेरपी घेणाऱ्या 189 रुग्णांवरच्या, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात काहींना खरी रेकी दिली, काहींवर दीक्षा नसलेल्या व्यक्तीने नुसते तसेच हात ठेवले, बाकीच्यांना नेहमीचीच शुश्रूषा मिळाली. पहिल्या दोन्ही गटांना नेहमीच्या शुश्रूषेपेक्षा अधिक आराम वाटला. म्हणजे आराम खरा. तो दीक्षेतून आला नाही. तासभर कुणीतरी घाई न करता आपल्यापाशी बसणे हे दुखणेकऱ्याला क्वचितच मिळते. फायब्रोमायल्जिया म्हणजे अंगभर दुखत राहण्याच्या विकाराच्या 100 रुग्णांवर झालेल्या 2008 च्या चाचणीत मात्र खऱ्या रेकीनेही दुखणे कमी झाले नाही.

रेकीच्याच कुळातल्या, अंगाला न टेकता हात फिरवून करायच्या ‘थेराप्युटिक टच’ या उपचाराची परीक्षा एमिली रोझा या 9 वर्षांच्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी घेतली. पुठ्ठ्याच्या आडोशातल्या भोकांतून उपचारकांनी दोन्ही हात पुढे करायचे आणि तिचा तळवा आपल्या कोणत्या हाताच्या वर, न टेकता, धरलेला आहे ते शक्ती जाणवून सांगायचे. 21 उपचारकांच्या 280 प्रयत्नांत 44 टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही निम्मी आली असती. हा निबंध 1998 मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापला गेला.

भारतात कर्करोग, मधुमेह अशा ठरावीक रोगांवर चमत्कारी उपायांची जाहिरात करण्यास 1954 च्या कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात रेकीचे नाव नाही. मात्र साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्र-तंत्राचे उपचार करणे त्यानुसार गुन्हा आहे.