आवाज पोटातून येत नाही हो!

परवा दादरला एका एकांकिकेच्या तालमीला जाऊन बसले होते. दिग्दर्शक सारखा "अरे पोटातून काढ, पोटातून!" करत होता आणि तो बिचारा पोरगा पोट आवळून असा काही बोंबलला की मानेच्या शिरा टरारल्या, पण वर पंखे फुल्ल चालू, तिसऱ्या रांगेत मला वाक्य काही कळलं नाही.

पोटाचे स्नायू हवेचा दाब सांभाळतात, बास. आवाज होतो तो स्वरतंतूंच्या उघडझापीने, पुरुषांत सेकंदाला साधारण 100 ते 130 वेळा, बायकांत 200च्या आसपास. हा कच्चा आवाज म्हणजे नुसता भुणभुणाट, त्याचं 'आ' की 'ई' हे ठरवते घसा आणि तोंडाची पोकळी.

आता माझा लाडका भाग. आपल्या कानाची नळी साधारण 2.5 सेंमी, आतल्या टोकाला पडद्याने बंद. अशा नळीत तिच्या चौपट लांबीची लहर घुमते, म्हणजे 10 सेंमीची. आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर, भागाकार केला की 3430 हर्ट्झ. (प्रत्यक्षात जरा कमी भरतं, 3000 धरा.) म्हणजे त्या पट्ट्यातला आवाज कान आपणहून मोठा करून घेतो. योहान सुंडबर्ग या स्वीडिश संशोधकाने 1970च्या दशकात दाखवलं की ऑपेरा गायक स्वरयंत्राच्या लगेच वरची छोटी नळी घशाच्या मानाने अरुंद ठेवतात, साधारण एक षष्ठांश, मग ती स्वतंत्रपणे घुमते, तिसरा-चौथा-पाचवा फॉर्मंट (घसा-तोंडाच्या पोकळीत आवाज जिथे जास्त घुमतो ते पट्टे) एकमेकांना चिकटतात आणि बरोब्बर 3000च्या आसपास उंचवटा तयार होतो. वाद्यवृंदाचा जोर असतो 500च्या आसपास, त्यामुळे माइक नसला तरी गायक वरून ऐकू येतो.

फॉर्मंट डोक्यावरून गेला असेल तर लेडीज डब्यातली क्लिपा विकणारी आठवा. गाडीची घरघर खालच्या पट्टीतली, तिचा किनरा "दस-दस-दस" सरळ कानात! ती ओरडत नसते हो, स्वरयंत्राच्या वरची तीच नळी चिमटलेली असते.

नुसतं ओरडून आणखी एक घोळ होतो, स्वर फुगतात पण 'स', 'श' तेवढे वाढत नाहीत. 'संशय' बोंबलून बघा, समोरच्याला 'अंअय' ऐकू येईल.

आणि ते 'सात दिवसांत भारदस्त आवाज'वाले रील्स कृपया मला फॉरवर्ड करू नका. ज्येष्ठमध खुशाल चघळा, घशाला बरं वाटतं, पण गिळलेलं अन्ननलिकेत जातं, स्वरतंतू श्वासाच्या वाटेवर. तिथे थेंब जरी गेला तरी ठसका लागतो. वाफ मात्र पोचते.

त्या पोराला मी ब्रेकमध्ये स्ट्रॉ दिली, म्हटलं हिच्यातून 'ऊऽऽ' करत सूर खालीवर ने. पुढे वाट अरुंद झाली की दाब उलटा मागे येतो, स्वरतंतू एकमेकांपासून किंचित दूर राहतात, जोरात आपटत नाहीत. कागदी स्ट्रॉ मात्र घेऊ नका, पाच मिनिटांत लगदा झाला तिचा.