माणूस पक्षाबाहेरचा, ताकद पक्षाची: खान्देशातल्या एका जुन्या मागणीची पार्श्वभूमी

निवडणुकीचे पडघम वाजू लागले की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या तालुक्यांत एक मागणी हमखास डोकं वर काढते. इच्छुकांच्या मुलाखती चालू असतात, आणि बूथ सांभाळणारे, सभा संपल्यावर सतरंज्या उचलणारे कार्यकर्ते पक्षाच्या निरीक्षकांना सांगतात की या खेपेला आपल्यातला कुणी नको. गावातला एखादा निवृत्त शिक्षक, डॉक्टर किंवा पाण्याच्या प्रश्नावर वर्षानुवर्षं भांडणारा माणूस उभा राहायला तयार आहे, पक्षाने त्याच्यामागे यावं. त्यावर पुढाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘मानूस चांगला शे, पन कोना शे?’ (माणूस चांगला आहे, पण कुणाचा?) यात गटबाजी असतेच. पण १९५७ पासून आजवर निवडणुकीचे नियम जसे बदलत गेले, तसा हा प्रश्न कायद्याचाही झाला. हे माहीत नसल्याने अशा बऱ्याच मागण्या कुणी नाकारण्याआधीच कागदात आणि वेळापत्रकात अडकून मरतात.

या मागणीचं खान्देशातलं सर्वांत ठळक उदाहरण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातलं आहे. ६ फेब्रुवारी १९५६ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि जनसंघ तिच्यात एकत्र आले. १९५७च्या लोकसभेला पूर्व खान्देशातून समितीच्या बाजूने नौशेर भरूचा निवडून आले. भरूचा मुंबईचे पारशी वकील. जात, गाव, भाऊबंदकी यांतलं काहीही इथलं नाही, आणि निवडणुकीच्या नोंदीत ते अपक्ष आहेत. त्याच वेळी धुळ्यातून जनसंघाचे उत्तमराव पाटील जिंकले. त्या वर्षी साऱ्या देशात जनसंघाचे चारच खासदार झाले, त्यांतले हे एक. ज्या कम्युनिस्ट आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी समितीसाठी घरोघर मतं मागितली, त्यांच्या पक्षाचं चिन्ह या दोन्ही जागांवर नव्हतं. मुद्दा एकच आणि सर्वांना पटलेला होता, म्हणून हे जमलं. नुसत्या ‘स्वच्छ प्रतिमे’च्या जोरावर जमलं नाही, ही गोष्ट भरूचांचं नाव घेणारे बहुधा विसरतात.

नंतर चौकट आवळत गेली. १९६८च्या निवडणूक चिन्ह आदेशाने कोणता उमेदवार पक्षाचा, याचे निकष बांधून दिले. आज त्यानुसार उमेदवार त्या पक्षाचा सदस्य असावा लागतो आणि सदस्यांच्या यादीत त्याचं नाव असावं लागतं. म्हणजे बाहेरच्याला चिन्ह हवं असेल तर आधी आत यावं लागतं. १९८५च्या ५२व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. चिन्हावर निवडून आलेल्याने पक्षादेश मोडला तर त्याची आमदारकी किंवा खासदारकी जाऊ शकते. अपक्ष म्हणून जिंकलेला मागाहून कोणत्याही पक्षात शिरला तर त्याचंही पद जातं. ‘मी तुमच्या चिन्हावर लढतो, पण सभागृहात मत मनाप्रमाणे देईन’ अशी अट तत्त्वनिष्ठ माणूस हटकून घालतो, आणि कार्यकर्ते उत्साहात ‘हो’ म्हणून बसतात. तो शब्द पाळणं त्यांच्या हातात नसतं, जिल्हाध्यक्षांच्याही नसतं.

१९९६ साली तमिळनाडूतल्या मोडाकुरिची मतदारसंघात १,०३३ उमेदवार उभे राहिले. अशी गर्दी आवरायला त्याच वर्षी झालेल्या कायद्याच्या दुरुस्तीने अपक्षाला दहा सूचक (अर्जावर नाव सुचवून सही करणारे मतदार) लागू लागले, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच. सगळे सूचक त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. या एका फरकाने अनेकांचा घात केला आहे.

आता रस्ते दोनच उरतात: सदस्यत्व घेऊन एबी फॉर्म (हा आमचा अधिकृत उमेदवार, असं पक्षाचं सहीचं पत्र) मिळवणं, नाहीतर ‘पक्षपुरस्कृत अपक्ष’ म्हणून लढणं.

एबी फॉर्म अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ वाजेपर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडावा लागतो, आणि त्यावर शाईची सही लागते. फॅक्स, झेरॉक्स, मोबाईलवरचा फोटो चालत नाही. फॉर्म मुंबईहून निघतो. अक्कलकुवा किंवा चोपड्याला तो तीनच्या ठोक्याला पोचेल याची खात्री कुणी देऊ नये. बाहेरच्या माणसाचा फॉर्म तर घोळ घालून शेवटच्या रात्री निघतो, कारण आतले इच्छुक तोवर मुंबईत तळ ठोकून असतात. एका सूचकावर अर्ज भरला आणि फॉर्म आलाच नाही, तर छाननीत तो अर्ज बाद होतो. जाणते कार्यकर्ते म्हणूनच दोन अर्ज भरून घेतात, एक पक्षाच्या नावाने आणि दुसरा दहा सूचकांसह अपक्ष म्हणून. एका उमेदवाराला चार अर्जांपर्यंत मुभा आहे आणि अनामत एकदाच भरावी लागते: विधानसभेला १० हजार, लोकसभेला २५ हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी. सूचक दहाच्या जागी बारा मिळत असतील तर दोन अर्जांना वेगवेगळे घ्यावेत. प्रत्येक सूचकाचा मतदारयादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक स्वतः यादीत बघूनच लिहावा.

पुरस्कृत अपक्षाच्या अडचणी वेगळ्या. मतदानयंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग इतर नोंदणीकृत पक्षांचे, आणि शेवटी अपक्ष असा क्रम असतो. मुक्त चिन्हांतून तीन पसंत्या अर्जातच द्यायच्या असतात, पण नक्की चिन्ह माघारीची मुदत संपल्यावर कळतं. तिथून प्रचाराला पंधरवडा मिळतो, जेमतेम. पत्रकं, झेंडे, मतदारचिठ्ठीचा नमुना, सगळं त्या काळात नव्याने छापायचं. वर्षानुवर्षं एकच चिन्ह दाबत आलेल्या मतदाराला या खेपेला त्याकडे बघू नका म्हणून सांगणं हे सातपुड्याच्या पाड्यांवर एका फेरीत होत नाही. पक्षाला स्टार प्रचारकांची यादी देता येते, अपक्षाला देता येत नाही.

आणखी एक गोष्ट घड्याळावर चालते. पक्षाने स्वतःचा उमेदवार आधीच दिला असेल, तर त्याने माघारीच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत लेखी माघार घ्यायला हवी. स्वतः नाहीतर लेखी अधिकार दिलेल्या सूचक किंवा निवडणूक प्रतिनिधीमार्फत. साडेतीनला पत्रकार परिषद घेऊन पाठिंबा जाहीर केला, तरी यंत्रावर पक्षाचं चिन्ह राहतं आणि मतं खातं. २०१९ला मुक्ताईनगरात राष्ट्रवादीने वेळेत आपला उमेदवार मागे घेऊन अपक्ष चंद्रकांत पाटील यांना पाठिंबा दिला, आणि ते भाजपच्या रोहिणी खडसेंविरुद्ध दोन हजारांहून कमी मतांनी जिंकले. पाटील मुळात शिवसेनेचे, तेव्हा ‘तत्त्वनिष्ठ बाहेरचा’ हे बिरूद इथे लावायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. माघारीची वेळ मात्र अचूक साधली गेली.

खान्देशाला अपक्षांचं वावडं नाही. अमळनेरने २००९ला साहेबराव पाटील आणि २०१४ला शिरीष चौधरी असे लागोपाठ दोन अपक्ष विधानसभेत पाठवले. चौधरी २०१९ला भाजपच्या चिन्हावर उभे राहिले आणि हरले. त्याच निवडणुकीत साक्रीतून मंजुळा गावित अपक्ष जिंकल्या. खान्देशातल्या २० विधानसभा जागांपैकी चोपडा, साक्री, शिरपूर आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या चारही अशा सात अनुसूचित जमातीसाठी राखीव आहेत, भुसावळ अनुसूचित जातीसाठी. तिथे नाव सुचवण्याआधी जातीचा दाखला हातात घ्यावा, नाहीतर दोन महिन्यांची मेहनत छाननीच्या टेबलावर पाण्यात जाते.

मागणीचा ठराव कसा करतात, हेही महत्त्वाचं आहे. नुसत्या सह्यांच्या कागदाला निरीक्षक किंमत देत नाही. सहीपुढे बूथ क्रमांक, पक्षातली जबाबदारी आणि मोबाईल नंबर असेल तर तो दोन-चार फोन तरी करून बघतो. ठरावाची एक प्रत जिल्हाध्यक्षांना, दुसरी थेट प्रदेशाच्या संसदीय मंडळाकडे पाठवतात, कारण जिल्हाध्यक्ष स्वतःच इच्छुक असू शकतात. सोबत त्या माणसाची लेखी संमती जोडावी, आणि सदस्यत्व घेणार की अपक्ष राहणार हे त्यातच लिहून घ्यावं. विधानसभेसाठी त्याचं नाव राज्यातल्या कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत असलं तरी चालतं. लोकसभेला देशात कुठेही. नाव दुसऱ्या मतदारसंघात असेल तर यादीचा प्रमाणित उतारा अर्जासोबत किंवा छाननीच्या वेळी द्यावा लागतो. तो तहसीलमधून मिळायला सुट्ट्यांच्या दिवसांत वेळ लागतो, म्हणून ठराव झाला त्याच आठवड्यात मागवावा.