यूएसआर/एसआरसी रिकामं निघालं तर

नाशिकच्या कॉलेज रोडवर काय किंवा सिडकोत काय, जुना लॅपटॉप हाताशी असला की कुणी ना कुणी हौसेनं त्यावर फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम चढवून बघतोच. सगळं सुरळीत चालतं. मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर पोर्ट्समधून, म्हणजे सोर्सवरून सॉफ्टवेअर बांधायच्या संग्रहातून, बांधायला घेतला की गाडी अडते. कर्नलचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचा सोर्स कोड यूएसआर/एसआरसी या फोल्डरमध्ये हवा, एवढं सांगून मेक हे बांधणीचं साधन थांबतं. फोल्डर उघडावं तर आत काही नाही. घाबरू नका, बिघडलेलं काही नसतं. इन्स्टॉलरनं कोणते घटक हवेत ते विचारलं, तेव्हा एसआरसीवर खूण करायची राहिली, इतकंच.

लिनक्सवरून आलेल्याला वाटतं, फक्त कर्नलचा सोर्स आणायचाय. फ्रीबीएसडीत मात्र कर्नल, सी लायब्ररी आणि एलएस, सीपीसारख्या रोजच्या आज्ञा एकाच झाडात वाढतात. म्हणून एसआरसी डॉट टीएक्सझेड ही एकच दाबलेली फाइल सगळं घेऊन येते. आकार साधारण 200 एमबी, उलगडल्यावर एक जीबीच्या वर. आधी डीएफ या आज्ञेनं डिस्कवरची जागा बघून घ्या.

त्याआधी आवृत्ती. ‘फ्रीबीएसडी-व्हर्जन’ या आज्ञेला के, आर आणि यू हे तिन्ही पर्याय एकदम द्या. बसवलेलं कर्नल, चालू कर्नल आणि बाकीची प्रणाली असे तीन आकडे दिसतील. 14.3-रिलीज असेल तर सोर्सही 14.3चाच, आणि तोही फ्रीबीएसडीच्या डाउनलोड सर्व्हरवरच्या आपल्या प्रोसेसरच्या फोल्डरमधला. शेवटचा ‘पी’चा, म्हणजे दुरुस्तीचा आकडा तिन्हींत वेगळा असू शकतो. सुरक्षा-दुरुस्तीनं कर्नलला हात लावला नसेल तर त्याचा आकडा मागेच राहतो.

फाइल तिथून फेच या आज्ञेनं उतरवा. पावसाळ्यात मधेच वीज गेली, तर तीच आज्ञा लहान आर लावून द्या, उतरवणं अर्ध्यातून पुढे सुरू होतं. झाल्यावर फाइलचा एसएचए256, म्हणजे ती शाबूत आहे का ते सांगणारा ठसा काढून त्याच जागेवरच्या मॅनिफेस्ट या यादीच्या फाइलशी ताडून पाहा. हे टाळलं तर अर्धवट फाइलचा भुर्दंड तासभरानं बसतो.

आता नवख्यांची हमखास चूक. सोर्स यूएसआर/एसआरसीमध्ये हवा म्हणून टार या आज्ञेनं गठ्ठा तिथेच जाऊन उलगडतात. पण त्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक फाइलच्या नावात ‘यूएसआर/एसआरसी’ हा मार्ग आधीच असतो. मग सगळं यूएसआर/एसआरसी/यूएसआर/एसआरसी अशा घरातल्या घरात जाऊन बसतं, आणि मेकला बिल्डकर्नल, म्हणजे कर्नल बांध, असं सांगितलं की ते ‘हे कसं बनवायचं माहीत नाही’ म्हणून हात वर करतं. टारला मोठ्या सी पर्यायानं थेट मूळ फोल्डर, म्हणजे नुसती तिरकी रेघ द्यायची. रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता म्हणूनच, अर्थात.

चुकलंच तर पुसताना आणखी एक गंमत होते. झेडएफएस या फाइल सिस्टिमवर बसवलेल्या प्रणालीत यूएसआर/एसआरसी हा सहसा स्वतंत्र डेटासेट, म्हणजे वेगळा जोडलेला कप्पा असतो. आरएम या पुसायच्या आज्ञेनं फोल्डरच उडवायला गेलात तर ‘डिव्हाइस बिझी’ येतं. फोल्डर राहू द्या, आतलं तेवढं काढा. लपलेल्या फाइलींसकट, कारण उद्या गिट या साधनानं सोर्स क्लोन, म्हणजे नक्कल करायचा ठरवला तर ते रिकामं नसलेल्या जागी उतरत नाही.

टीएक्सझेडमधला सोर्स रिलीजच्या दिवसाचा असतो. म्हणून उलगडल्यावर ‘फ्रीबीएसडी-अपडेट’ या दुरुस्त्या आणणाऱ्या साधनाचे फेच आणि इन्स्टॉल चालवा, नंतरच्या दुरुस्त्या सोर्सलाही लागतात. गिटची रेलेन्ग/14.3 ही शाखा घेतली असेल तर मात्र ‘फ्रीबीएसडी-अपडेट’च्या कॉन्फ, म्हणजे मांडणीच्या फाइलीतून ‘एसआरसी’ हा शब्द काढा. एकाच झाडावर दोन माळी नकोत.

आवृत्तीचा एवढा आग्रह कशासाठी, हे द्राक्षवाल्यांच्या गावात सांगायला सोपं आहे. ड्रायव्हर म्हणजे चालत्या कर्नलवर बांधलेलं कलम. खुंट एक आणि कलम भलत्याच जातीचं, तर ते धरत नाही. इथंही भलत्या सोर्सवर ड्रायव्हरचं मॉड्यूल विनातक्रार बांधलं जातं, पण लोड करताना डीमेसेज या कर्नलच्या नोंदींमध्ये ‘व्हर्जन मिसमॅच’ उमटतं. तसं झालं तर सोर्स बदलल्यावर पोर्टच्या फोल्डरमध्ये आधी मेक क्लीन द्या, मगच पुन्हा बांधा. नाहीतर मेक जुनंच बांधलेलं मॉड्यूल पुन्हा उचलतं.