आधी शॉकअप, मग स्प्रिंग: जुनी गाडी लोअर करण्यामागची पार्श्वभूमी

सप्टेंबर १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय दाखवली आणि पुढच्या उन्हाळ्यात ती विक्रीला आली. साध्या गोल्फपेक्षा ती जेमतेम दोन सेंटीमीटर खाली होती. कंपनीला ५,००० गाड्या खपण्याची आशा होती. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या. ११० अश्वशक्तीचं इंजिन आणि ८१० किलो वजन हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. पण ती गाडी वळणावर का टिकायची, याचं उत्तर गाडीच्या पोटाखाली होतं: कडक आणि आखूड स्प्रिंग, त्यांचे हेलकावे शमवणारे त्यांच्याच मापाचे शॉकअॅब्सॉर्बर (म्हणजे शॉकअप), पुढे आणि मागे गाडीचं कलंडणं आवरणारे अँटी-रोल बार, रुंद टायर. हे सगळं एकत्र ठरवलेलं होतं. दोन सेंटीमीटर त्या जुळणीतून आले.

पुढच्या दशकात बाजाराने त्यातले सेंटीमीटर तेवढे उचलले. गाडी किती खाली येईल, म्हणजे लोअर होईल, ते सांगणारे ३५, ४०, ६० मिलिमीटर असे आकडे छापलेले स्प्रिंगचे संच दुकानांत आले आणि शॉकअॅब्सॉर्बर हा ‘नंतर बघू’ असा खर्च झाला. आज तीस-चाळीस वर्षांची गाडी हौसेने सांभाळणाऱ्यांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. हा क्रम उलटा आहे असं माझं ठाम मत आहे, आणि इतिहासही तेच दाखवतो.

स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर यांचे जन्म शंभर वर्षांच्या अंतराने झाले. लंडनच्या ओबाडाया एलियटने १८०४ मध्ये घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणातच हेलकावे बरेचसे विरतात, म्हणून वेगळ्या शॉकअॅब्सॉर्बरची निकड कुणाला फारशी भासली नाही. मोटारींचा वेग वाढल्यावर हे घर्षण पुरेना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या त्रुफोची चकत्यांच्या घर्षणावर चालणारी रचना अमेरिकेत हार्टफर्डने विकायला काढली. त्यानंतर मोरिस उदाई या फ्रेंच माणसाचे तेलावर चालणारे शॉकअॅब्सॉर्बर आले. फोर्डच्या मॉडेल ए वर ते होते. १९३०च्या दशकात पुढची चाकं स्वतंत्र झाली आणि पाट्यांच्या जागी गुंडाळीची स्प्रिंग आली. गुंडाळीत घर्षण जवळजवळ नसतंच. खड्ड्यातून घेतलेली सगळी ऊर्जा ती परत देते. ती शोषणारं दुसरं काहीतरी तिच्या जोडीला असणं तेव्हापासून अपरिहार्य झालं.

त्याच सुमारास रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये आलेल्या मॉरिस ओली या इंग्रज अभियंत्याने एका मोठ्या कॅडिलॅकवर हलवता येणारी वजनं बसवून प्रयोग केले. पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ असेल तर गाडी समांतर झुलते, कारण उंचवटा मागच्या चाकाला उशिरा लागतो आणि मागच्या बाजूला पुढचीशी गाठ घालायला वेगाने डोलावं लागतं. पुढे कडक आणि मागे मऊ असा संच घातलेली गाडी महामार्गावर सतत नाक खालीवर करते ती याचमुळे. नव्वद वर्षांपूर्वी सुटलेला हा प्रश्न फक्त पुढची स्प्रिंग बदलणारा माणूस स्वतःहून ओढवून घेतो.

दुसरा धागा मॅकफर्सनचा. अर्ल मॅकफर्सन यांनी १९४७ मध्ये ज्या स्ट्रटच्या, म्हणजे चाकाजवळच्या उभ्या खांबाच्या, पेटंटसाठी अर्ज केला, त्यात शॉकअॅब्सॉर्बरच चाकाला उभं धरून ठेवतो. फोर्डच्या युरोपातल्या गाड्यांनी ती रचना रुळवली आणि गोल्फसारख्या छोट्या गाड्यांच्या पुढच्या बाजूला ती सर्वत्र दिसू लागली. स्वस्त आणि आटोपशीर, पण लोअर करताना तिची एक खोड फार कमी जण लक्षात घेतात. गाडी खाली आली की चाकाला गाडीशी जोडणारा खालचा आर्म बाहेरच्या टोकाला वर उचलला जातो. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलंडते तो रोल सेंटर त्यामुळे गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतो आणि दोघांमधलं अंतर वाढतं. म्हणजे खाली आणलेल्या गाडीला कलंडायला अधिक लांब तरफ मिळते. नव्या स्प्रिंगच्या कडकपणाचा काही भाग ही भरपाई करण्यातच खर्च होतो. स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या टाय रॉडचा कोनही बदलतो, आणि मग खड्ड्यात चाक आपलं आपण वळू लागतं. जीटीआयच्या अभियंत्यांनी दोन सेंटीमीटरवर हात आखडता घेतला त्यात मला तरी शहाणपण दिसतं.

शॉकअॅब्सॉर्बर बनवणाऱ्यांची वाट वेगळी होती. नेदरलँड्सची कोनी १८५७ पासून घोडागाड्यांचं सामान बनवत होती आणि १९३० च्या दशकात शॉकअॅब्सॉर्बरकडे वळली. तिचे जुन्या पद्धतीचे शॉकअॅब्सॉर्बर पूर्ण दाबून फिरवले की परतीचा, म्हणजे दबलेली स्प्रिंग उलगडतानाचा, विरोध वाढतो. झीज भरून काढायला ही सोय फार उपयोगाची आहे, म्हणून जुन्या गाडीच्या मालकाला आजही ती जवळची वाटते. फ्रान्सच्या द कार्बों यांनी १९५०च्या दशकात एकाच नळीत तेल आणि दाबाखालचा वायू वेगळे ठेवण्याची कल्पना मांडली. सतत हेलकावे बसून तेलाचा फेस होतो आणि विरोध नाहीसा होतो, तो त्रास त्यामुळे गेला. जर्मनीच्या बिलस्टाइनने ही रचना घेतली आणि १९५७ पासून ती मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांवर बसू लागली. स्प्रिंगवाले आयबाख आणि एच अँड आर हेही बिलस्टाइनसारखेच पश्चिम जर्मनीच्या डोंगराळ पट्ट्यातले.

आता थोडं गणित, कारण निवड त्यावरच ठरते. गुंडाळीचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो: तार दहा टक्के जाड केली की स्प्रिंग सुमारे ४६ टक्के कडक होते. वेढे कमी केले तरी ती कडक होते, म्हणून गॅरेजमध्ये एक वेढा कापून दिलेली स्प्रिंग किती कडक झाली हे कुणीच मोजलेलं नसतं. ती कापू नये; कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. लोअरिंग स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा ३० टक्के कडक धरली, तर हेलकाव्याची गती १४ टक्के वाढते आणि त्याच शॉकअॅब्सॉर्बरचा आवर साधारण १२ टक्के कमी पडतो. हा हिशेब नव्या शॉकअॅब्सॉर्बरचा. जुन्या गाडीतला अर्धा मेलेला शॉकअप तिथे अजिबात पुरणार नाही. शिवाय गाडी ४० मिलिमीटर खाली आली म्हणजे चाकाच्या वरच्या प्रवासातले तितकेच मिलिमीटर संपले. मूळ लांबीचा शॉकअप मग नळीच्या तळाजवळ काम करतो आणि रबरी बंप स्टॉपवर वारंवार आदळतो. बिलस्टाइन मूळ उंचीसाठी बी-६ आणि लोअर केलेल्या गाडीसाठी आखूड बी-८ अशा दोन मालिका ठेवते, त्याचं कारण हेच.

म्हणून मी आधी शॉकअॅब्सॉर्बर ठरवेन, त्याचा प्रवास मोजेन आणि मग त्यात बसणारी स्प्रिंग घेईन. जर्मनीत स्प्रिंगसोबत तपासणीचा कागद येतो आणि त्यावर ॲक्सलवरच्या वजनाच्या मर्यादा असतात. पेट्रोल आणि डिझेल गाडीच्या स्प्रिंगचे क्रमांक वेगळे असतात ते त्यामुळे. तो कागद वाचल्याशिवाय संच घेऊ नये.

आपल्याकडे दोन गोष्टी अधिक पाहाव्या लागतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतला तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच बाजू उचलून धरली. तेव्हा आरटीओत आधी विचारावं. दुसरी गोष्ट गतिरोधकांची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो. २.३४ मीटर व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत तेवढं अंतर असलेली, प्रीमियर पद्मिनी त्याच्या मधोमध आली तर चाकंही उतारावरच असतात, त्यामुळे पोटाखालची जागा चारच सेंटीमीटरने घटते. गल्लीत कुणीतरी डांबराचा अरुंद आडवा बांध घालतो तेव्हा मात्र त्याची सगळी उंची पोटाखाली येते. आपल्या रोजच्या रस्त्यावरचा सगळ्यात वाईट बांध मोजावा आणि त्यावरून सेंटीमीटर ठरवावेत.

काम सुरू करण्याआधी सपाट जागी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी लिहून ठेवावं. जुन्या स्प्रिंग दबून खाली बसलेल्या असतात, बहुधा ड्रायव्हरच्या बाजूला जास्त, त्यामुळे ‘४० मिलिमीटर’ कुठून मोजायचे हेच अनेकदा ठाऊक नसतं. आर्मचे रबरी बुश, स्ट्रटचं वरचं माउंट आणि बॉल जॉइंट त्याच वेळी बदलावेत. बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे आवळू नयेत. चाकांवर भार आल्यावरच आवळावेत, नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. काहीशे किलोमीटर चालवून स्प्रिंग बसू द्याव्यात, तीच चार मापं पुन्हा घ्यावीत आणि त्यानंतरच अलाइनमेंट करून हेडलाइटचा झोत लावून घ्यावा.